धुराचा जमाखर्च

'आमचे आजोबा नव्वदी उलटेपर्यंत विडी ओढत होते. त्यांना कुठे काय झाले?' हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा ऐकलेला आहे, आणि कित्येकांनी तो स्वतःही विचारलेला असेल. प्रश्न खोटा नाही. असे आजोबा खरोखरच होऊन गेले. परंतु एका आजोबांवरून साऱ्या गावाचे आयुष्य मोजता येत नाही. गावातील जे आजोबा पन्नाशीच्या आतबाहेरच खोकत खोकत गेले, त्यांचा दाखला कोणी देत नाही. ते नातवंडांच्या आठवणीत उरलेच नाहीत, मग त्यांचा दाखला देणार तरी कोण?

तंबाखूचा धूर माणसाचे काय करतो, हे निर्विवादपणे कळावयास जगाला साडेतीनशे वर्षे लागली. शंका पहिल्यापासूनच होती, उणीव होती ती मोजणीची. ही मोजणी कोणी केली, कशी केली आणि तिच्यातून काय निघाले, हे आज आपणांस सांगावयाचे आहे. या मोजणीला दोन रकाने आहेत. त्यांपैकी खर्चाचा रकाना सर्वांना ठाऊक असतो. जमेचा रकाना मात्र फार थोड्यांनी वाचलेला असतो.

तंबाखू मूळची आपल्या मातीतली नव्हे. अमेरिका खंडातील ही वनस्पती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि 'ताबाको' हे तिचे पोर्तुगीज नावही 'तंबाखू' होऊन आपल्या भाषेत रुळले. किनाऱ्यावरून घाट चढून ती दख्खनेत पोहोचली. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबर बादशहाचा अधिकारी असद बेग विजापूरला गेला असता तेथे त्याने ती पाहिली. आग्र्यास परतताना त्याने तंबाखू आणि ती ओढण्यासाठी रत्नजडित नळी असा नजराणा बादशहापुढे ठेवला. असद बेगाने स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे. दरबारच्या हकिमाने हरकत घेतली की, या वस्तूचा उल्लेख आपल्या ग्रंथांत नाही, हिचे गुणदोष आपणांस अज्ञात आहेत, तेव्हा हुजुरांनी ही घेऊ नये. असद बेगाचे उत्तर असे की, फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, आणि प्रत्येक चाल पहिल्यांदा नवीनच असते. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. त्याला काही ती सवय लागली नाही. परंतु सरदारांनी तंबाखू मागण्यास प्रारंभ केला, आणि सरदार मागतात म्हटल्यावर व्यापारी ती आणू लागले. व्यसन कसे पसरते याचे चित्र त्या एका प्रसंगात सामावलेले आहे.

हकिमाचे म्हणणे आज आपल्याला किती रास्त वाटते! परंतु त्याच्या हाती शंकेपलीकडे काही नव्हते. त्याच सुमारास, १६०४ साली, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूच्या निषेधाची एक पुस्तिका लिहिली आणि हा धूर मेंदूला व फुप्फुसांना अपायकारक असल्याचे तीत बजावले. त्याने तंबाखूवरील जकातही अनेक पटींनी वाढविली. इकडे जहांगीर बादशहाने १६१७ साली धूम्रपानास मनाई केली. दोन्ही फर्माने वाऱ्यावर गेली. राजा रागावतो आणि प्रजा ओढते, हे चालूच राहिले. शिवाय जकातीची चव एकदा लागल्यावर राजांचा रागही हळूहळू निवळला. गोव्यात तर तंबाखूविक्रीचा मक्ता हे पोर्तुगीज सरकारच्या उत्पन्नाचे एक मोठे साधनच होऊन बसले. १७६१ साली लंडनच्या जॉन हिल नामक वैद्याने तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकात झालेल्या गाठींकडे लक्ष वेधले. परंतु दोन-चार रोग्यांच्या हकीकतींनी जग हलत नाही.

पुढे चिलीम, गुडगुडी आणि चिरूट यांच्या पंक्तीत सिगारेट येऊन बसली. १८८० च्या सुमारास अमेरिकेत बोन्सॅक याने सिगारेट वळण्याचे यंत्र सिद्ध केले, आणि कुशल हातांनी दिवसभर राबून जेवढ्या सिगारेटी होत त्या यंत्रातून काही मिनिटांत पडू लागल्या. त्यापाठोपाठ पहिले महायुद्ध आले. खंदकांतल्या शिपायांना शिध्याबरोबर सिगारेटी मिळाल्या आणि घरी परतलेला शिपाई ती सवयही बरोबर घेऊन आला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पाचांतील चार पुरुष तंबाखू ओढणारे होते. इतके जण ओढू लागले की ओढणे डोळ्यांत भरत नाही. खेड्यात सर्वच अनवाणी चालत असले तर पायाला भेगा का पडतात, असे कोणी विचारीत नाही, तसेच काहीसे हे झाले.

दरम्यान एक आकडा मुकाट्याने वाढत होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने १९२२ साली ६१२ माणसे दगावल्याची नोंद आहे. १९४७ साली हीच संख्या ९,२८७ झाली. पंचवीस वर्षांत पंधरापट! हे का व्हावे, ते कोणास कळेना. कोणी मोटारींच्या धुराला दोष दिला, तर कोणी रस्त्यांवरील डांबराला.

हे कोडे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि रिचर्ड डॉल या दोघांकडे सोपविण्यात आले. हिल हे डॉक्टर नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांना क्षयाने गाठले, वैद्यकाचे शिक्षण दुरावले, आणि अंथरुणावरूनच पत्रद्वारा अर्थशास्त्राचा अभ्यास करून ते संख्याशास्त्राकडे वळले. डॉल हे तरुण वैद्य. त्यांना स्वतःला सिगारेटची सवय होती आणि त्यांचा आरंभीचा संशय डांबरावर होता. लंडनच्या २० रुग्णालयांत प्रशिक्षित समाजसेविका रोग्यांच्या खाटांपाशी बसून ठरावीक प्रश्न विचारू लागल्या. फुप्फुसाचा कर्करोग झालेले ७०९ रोगी आणि त्याच वयाचे, परंतु अन्य आजारांचे ७०९ रोगी अशा जोड्या लावण्यात आल्या. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत कधीही धूम्रपान न केलेले केवळ २ निघाले, तर इतर आजारांच्या तितक्याच पुरुषांत असे २७ निघाले. जो जितका अधिक ओढणारा, तितकी त्याच्यावर या रोगाची छाया अधिक. आणखी एक गोष्ट फार बोलकी होती. काहींना प्रथम फुप्फुसाचा कर्करोग आहे असे समजून प्रश्न विचारले गेले आणि नंतर तो नसल्याचे ठरले. त्यांच्या सवयी पाहिल्या तेव्हा त्या कर्करोग्यांशी न जुळता इतरांशी जुळल्या. म्हणजे विचारणाऱ्यांच्या मनातील ग्रहाने आकडे वाकलेले नव्हते. हा निबंध सप्टेंबर १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. तो पुरा होण्याआधीच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडून दिली होती.

त्याच वर्षी अमेरिकेत अर्नेस्ट वाइंडर आणि एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनीही हाच निष्कर्ष मांडला. ग्रॅहॅम हे थोर शल्यविशारद. १९३३ साली कर्करोगग्रस्त संपूर्ण फुप्फुस काढून रोग्यास वाचविण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांच्या हातची. ते स्वतः दीर्घकाळ अतोनात सिगारेट ओढीत. पुराव्याने खात्री पटल्यावर त्यांनी ती सोडली, परंतु तोवर फार उशीर झाला होता. १९५७ साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने त्यांचा अंत झाला.

टीकाकार म्हणाले की, आजारी माणसाला मागच्या सवयी विचारणे हा काही पुरावा नव्हे. हिल आणि डॉल यांनी हा आक्षेप मानला आणि उलट दिशेने चालावयाचे ठरविले. निरोगी माणसांच्या सवयी आधी टिपावयाच्या आणि मग काळाला आपले काम करू द्यावयाचे! ऑक्टोबर १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील सुमारे ६०,००० डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली धाडली. ४०,००० हून अधिक डॉक्टरांनी उत्तरे पाठविली. डॉक्टरांचीच निवड करण्यात चातुर्य होते. ते प्रश्न नीट समजून उत्तर देतील, आणि त्यांचा ठावठिकाणा व मृत्यूची नोंद सहज मिळेल, असा तो विचार होता. अवघ्या अडीच वर्षांत, १९५४ साली, पहिला निकाल हाती आला. फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन पावलेल्या ३६ डॉक्टरांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता.

त्याच १९५४ च्या फेब्रुवारीत ब्रिटनचे आरोग्यमंत्री इयन मॅक्लिऑड यांनी पत्रकारांना बोलावून धूम्रपानाचा व या रोगाचा संबंध सरकारच्या वतीने मान्य केला. मात्र त्या बैठकीत ते स्वतः एकामागून एक सिगारेट ओढीत होते. या दृश्याला हसू नये. कळणे आणि वळणे यांमधील अंतर किती असते, हे आपल्या म्हणीनेही सांगितलेच आहे. पुढे १९६२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने आणि जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालांनी हा प्रश्न वैद्यांच्या वर्तुळातून काढून घराघरांत नेला.

परंतु डॉक्टरांची ती मोजणी थांबली नव्हती. ती तब्बल ५० वर्षे चालली आणि २००४ साली तिचा अखेरचा मोठा हिशेब डॉल यांनी नव्वदी पार केल्यावर सहकाऱ्यांसह सादर केला. खर्चाचा रकाना भयंकर होता. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरीने १० वर्षे आधी जातात, आणि त्यांच्यातील निम्मे किंवा त्याहूनही अधिक याच सवयीचे बळी ठरतात. आपले नव्वदीचे आजोबा हे उरलेल्यांपैकी असतात, एवढाच त्यांचा अर्थ.

आता जमेचा रकाना ऐका. साठाव्या वर्षी ज्याने सोडले त्याला सुमारे ३ वर्षे परत मिळाली. पन्नाशीत सोडणाऱ्याला ६, चाळिशीत सोडणाऱ्याला ९. तिशीत सोडणाऱ्याची तर १० वर्षे, म्हणजे जवळजवळ संपूर्ण भांडवलच, परत हाती आले. श्रोतेहो, 'आता सोडून काय उपयोग? व्हायचे ते होऊन गेले,' असे म्हणणारा वडीलधारा माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात असतो. त्याला हा रकाना कोणीतरी वाचून दाखविला पाहिजे. ग्रॅहॅम यांना उशीर झाला हे खरे, पण त्याचा अर्थ सर्वांनाच उशीर झाला आहे असा होत नाही.

हे सारे विलायतेचे झाले, आपले काय? मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे येणाऱ्या रोग्यांत तोंडाचा व घशाचा कर्करोग विलक्षण प्रमाणात दिसे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी संघवी व राव यांनी १९५५ साली तंबाखू चघळणे, विडी ओढणे आणि हे रोग यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. पुढे २००८ साली प्रभात झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील ११ लाख घरांतील मृत्यूंच्या चौकशीवरून असा अंदाज मांडला की, २०१० साली एकट्या धूम्रपानाने भारतात सुमारे ९ लाख ३० हजार प्रौढ माणसे मरतील, आणि त्यांतील सुमारे ७० टक्के ३० ते ६९ या वयातील असतील. हे ऐन संसारातले वय. मुलीचे लग्न ठरावयाचे असते, मुलाचे शिक्षण चालू असते, आणि घरचा कर्ता जातो. 'विडी देशी, पानात गुंडाळलेली, म्हणून निरुपद्रवी' हा भ्रमही या चौकशीने दूर केला. विडी ओढणाऱ्या पुरुषांची सरासरी ६ वर्षे आणि स्त्रियांची ८ वर्षे कमी झालेली आढळली. हे मृत्यू केवळ कर्करोगाचे नव्हते. क्षय, दमा आणि हृदयविकार यांचा त्यांत मोठा वाटा होता.

ही विडी आपल्याला परकी नाही. तिची तंबाखू निपाणीच्या आणि चिकोडीच्या काळ्या जमिनीत पिकते, तिचे टेंभुर्णीचे पान जंगलातून येते, आणि ती वळणारे हात बहुधा गरीब स्त्रियांचे असतात. त्यांचा तुकडा या धुरावर अवलंबून आहे, हे विसरून कोणी उपदेश करू नये. शेतकऱ्याला दुसरे पीक आणि त्या माउलीला दुसरे काम मिळवून देणे हाही या हिशेबाचाच भाग आहे. परंतु ओढणाऱ्याचे आयुष्य जाळून वळणाऱ्याचे पोट भरावे, हा व्यवहार दोघांच्याही हिताचा नव्हे. तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात घेणारी स्त्री हे कोणापेक्षाही अधिक जाणते.

मग माणसे सोडीत का नाहीत? इच्छा नाही म्हणून, असे आपण पटकन म्हणतो. परंतु २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांनी सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले. इच्छा आहे, पण सुटत नाही. कारण धुरातील निकोटीन काही क्षणांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि मेंदूला त्याची चटक लागते. मग ते न मिळाल्यास जीव कासावीस होतो, चिडचिड होते, झोप उडते. १९६७ साली स्वीडनच्या क्लास लुंडग्रेन यांच्या ध्यानात आले की, पाणबुडीत धूम्रपानास बंदी असल्यामुळे खलाशी तेवढ्या काळापुरती तोंडात ठेवण्याची तंबाखू वापरून वेळ भागवितात. त्यांनी ही गोष्ट उवे फेर्नो या औषधशास्त्रज्ञांस कळविली, आणि त्यातून निकोटीनयुक्त चघळगोळी जन्मास आली. १९७८ साली स्वित्झर्लंडने तिला औषध म्हणून मान्यता दिली. व्यसन हा स्वभावाचा दोष नसून त्याला उपचार आहे, ही दृष्टी अशी हळूहळू रुजत गेली.

परंतु या कथेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी मोजणी वेगळीच आहे. १९७९ साली लंडनचे मायकेल रसेल यांनी २,१३८ धूम्रपान करणाऱ्या रोग्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी काहीच सांगितले नाही. काहींना एक-दोन मिनिटे सांगितले की, 'हे सोडा', एक पत्रक दिले आणि 'पुन्हा आम्ही विचारू' असे बजावले. वर्षानंतर पाहता, ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांच्यात हजारी जेमतेम ३ जण सुटले होते. ज्यांना विचारले, समजावले आणि पुन्हा विचारण्याचे वचन दिले त्यांच्यात हजारी ५१. रसेल यांनी हिशेब मांडला की, ब्रिटनमधील सर्व डॉक्टरांनी एवढेच केले तर वर्षाला पाच लाखांहून अधिक माणसे धूरमुक्त होतील, आणि इतके काम व्यसनमुक्तीची दहा हजार खास केंद्रे काढूनही होणार नाही. दोन मिनिटांचे बोलणे आणि 'मी पुन्हा विचारीन' हे शब्द, एवढीच काय ती त्याची किंमत.

आपल्याकडेही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फली मेहता, प्रकाश गुप्ता आदी संशोधकांनी एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील ३६ हजारांहून अधिक तंबाखूसेवकांची घरोघर जाऊन तोंडे तपासली आणि त्यांना समोरासमोर बसून समजावले. ज्यांना असे समजावले त्यांच्यात तंबाखू सोडणारे अधिक निघाले, आणि कर्करोगाची पूर्वसूचना देणारे पांढरे चट्टेही कमी आढळले. निरक्षर शेतकरी ऐकत नाही, हे म्हणणे त्या प्रयोगाने खोटे ठरविले. त्याच्या दारी जाऊन कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

कायदेही झाले. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर इशारा आला. २००१ साली मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास प्रतिबंध करण्याचे आदेश दिले. २००३ साली व्यापक कायदा झाला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीचे नवे नियम लागू झाले. तंबाखूचे कोणत्याही रूपात सेवन करणारे प्रौढ २००९-१० साली शंभरात सुमारे ३५ होते, ते २०१६-१७ साली २९ च्या आत आले. जहांगिराच्या फर्मानापेक्षा हा कायदा अधिक टिकला, याचे कारण या वेळी फर्मानामागे मोजणी उभी होती. आणि फर्मानाबरोबर मदतीचा हातही होता. २०१६ पासून दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत एक विनामूल्य दूरध्वनी सेवा चालते. तिचा क्रमांक १८००-११२-३५६ हा पाकिटांवरही छापला जातो. शासकीय रुग्णालयांतील व्यसनमुक्ती कक्षांतही सल्ला आणि औषध मिळते.

तथापि पहिला हात घरचाच असावा लागतो. घरात कोणी ओढत असेल तर त्याला टाकून बोलू नका, त्याच्या खिशाची झडती घेऊ नका. एखाद्या निवांत संध्याकाळी जवळ बसून विचारा, 'दादा, सोडायचे मनात येते का?' तो हो म्हणाला तर दिवस ठरवून घ्या. त्या दिवशी चंची आणि काडेपेटी घराबाहेर काढा. पहिले आठ-पंधरा दिवस तो चिडेल, ते मनावर घेऊ नका. पुन्हा एखादा झुरका घेतला तर 'सांगितले होते ना' असे म्हणू नका. कायमचे सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी अनेकदा सोडून पाहिलेले असते. आणि महत्त्वाचे म्हणजे, आठवड्याने पुन्हा विचारा.

अकबराच्या हकिमाला हे ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे. धुराच्या या वहीत आजवर खर्चच फार लिहिला गेला. जमेच्या रकान्यात आपल्या घरातील एका माणसाची सहा वर्षे, नऊ वर्षे मांडणे आज आपल्या हाती आहे. त्यासाठी कोणीतरी आधी विचारावे लागते. ते विचारणारे आपण व्हा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.